रिव्हर्स लाइटला एलईडी बल्ब टाकायचेत: उजेड खरंच वाढतो का?

तिठा

नमस्कार मंडळी. गणपतीच्या आत एक काम उरकायचंय, त्यासाठी तुमचा सल्ला हवाय.

आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून साठेक मीटर आत. आत जाणारी वाट एका गाडीपुरती. एका अंगाला जांभ्याचा गडगा, दुसऱ्या अंगाला पऱ्या, म्हणजे ओढा. अंगणात गाडी वळवायला जागा नाही, त्यामुळे रस्त्यावरूनच उलटी आत घ्यावी लागते. दिवसा काही वाटत नाही. पण रात्री, त्यात पाऊस असला, की आरशात नुसता काळोख. मागच्या पावसाळ्यात डावं चाक पऱ्याच्या कडेवर गेलं होतं, चार माणसांनी उचलून गाडी वर घेतली.

गाडी २०१६ची हॅचबॅक. कॅमेरा नाही, सेन्सर नाहीत. बहुतेक वेळा बाबाच चालवतात. वय ६८, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. त्यांनी स्वतःपुरता एक उपाय काढलाय: ब्रेक अर्धवट दाबून ठेवायचा आणि ब्रेक लाइटच्या लाल उजेडात गाडी मागे घ्यायची. क्लचचा वास घरापर्यंत येतो. आई बॅटरी घेऊन मागे उभी राहते आणि "ये, ये, ये" म्हणत उलटी चालते.

रिव्हर्सचे बल्ब १२ व्होल्ट १६ वॅटचे आहेत. दुकानात एलईडीची जोडी ३५० रुपयांना दाखवली, खोक्यावर "३००० लुमेन" (उजेड मोजायचं एकक) लिहिलंय. प्रश्न तीन. उजेड खरंच वाढेल का? वायरिंगला, दिव्याच्या प्लास्टिकला काही होईल का? आणि पोलीस अडवतील का?

चौथागिअर

टाका बिनधास्त. तीन वर्षं वापरतोय, काही झालं नाही.

घाटवाट

टाकू नका! मी दोनदा टाकून दोनदा काढले. पहिल्या जोडीतला एक सहा महिन्यांत मिणमिणायला लागला. दुसरी जोडी टिकली, पण उजेड असा पडायचा की गाडीच्या मागे बरोबर मध्ये एक पांढराशुभ्र गोल आणि दोन्ही बाजूंना आधीपेक्षाही काळोख. मला तर बाजूचंच बघायचं असतं. शेवटी जुने पिवळे बल्ब परत बसवले आणि जीव भांड्यात पडला.

वायरिंगवाले काका

तिठा, सविस्तर लिहितो. तीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतोय, त्यामुळे थोडं लांबेल.

तुमचा बल्ब म्हणजे डब्ल्यू१६डब्ल्यू. धातूची टोपी नसलेला, काचेचंच चपटं बूड असलेला. दुसरा प्रकार पी२१डब्ल्यू, तो पितळी टोपीचा, दाबून फिरवायचा. १६ वॅटवाल्याचा प्रमाणित उजेड ३१० लुमेन, २१ वॅटवाल्याचा ४६०. हे आकडे साडेतेरा व्होल्टला, म्हणजे इंजिन चालू असताना.

आता ते ३००० लुमेन. या आकाराच्या बऱ्याचशा एलईडी बल्बांना मीटर लावला तर करंट साधारण ०.३५ अँपिअर दिसतो. म्हणजे साडेचार वॅट. एलईडीची चांगली चिप, म्हणजे उजेड देणारा तुकडा, वॅटला शंभराच्या आसपास लुमेन देते. हिशोब करा, ४५० आले. तेही चिप थंड असताना. दोन मिनिटांनी गरम झाली की उजेड उतरतो. त्यामुळे खोक्यावरचा आकडा वाचूच नका. दुकानात बल्ब दोन मिनिटं पेटता ठेवायला सांगा, मग बघा.

घाटवाट यांना जे दिसलं ते अगदी खरं आहे. दिव्याच्या आतली चकाकती वाटी जुन्या बल्बची तार जिथे असते त्या जागेसाठी घडवलेली असते. तार चहूबाजूंना उजेड फेकते, वाटी तो गोळा करून रुंद पसरवते. ज्या एलईडीची चिप फक्त टोकाला असते, तिचा उजेड वाटीवर पडतच नाही, सरळ बाहेर जातो. म्हणून मध्ये गोल आणि बाजूला काळोख. घ्यायचाच तर चारही अंगांना चिपा असलेला घ्या. आणि लांबी जुन्या बल्बएवढीच हवी, नाहीतर होल्डर आत बसणार नाही.

प्लास्टिकची काळजी करू नका. जुना बल्बच जास्त तापतो, आणि त्याची उष्णता पुढे काचेकडे जाते. एलईडीची उष्णता बुडाकडे जमते, त्यामुळे त्रास झाला तर एलईडीलाच. रिव्हर्स लागतो मिनिट-दोन मिनिटं, तेवढं चालतं. करंट कमी लागत असल्यामुळे वायर आणि फ्यूजवर ताण उलट कमी होतो.

पण एक विनंती. बल्ब घेण्याआधी दोन्ही दिवे उतरवून होल्डर आणि अर्थ (दिव्याची वायर गाडीच्या पत्र्याला जोडतात तो जोड) तपासा. कोकणातली २०१६ची गाडी म्हणजे हे आधी.

तिठा

काका, मनापासून आभार. अर्थ तपासायचा म्हणजे नेमकं काय करायचं? मल्टिमीटर आहे घरी.

वायरिंगवाले काका

इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड, गिअर रिव्हर्समध्ये, आणि गाडीत क्लच धरून दुसरा माणूस बसलेला. एकट्याने करू नका. बल्ब पेटता असतानाच होल्डरच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. बल्ब काढून मोजलं तर सगळं ठीकच दिसेल, कारण करंट वाहत नसताना गंजलेला जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. मग बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टचा फरक असला तर चालेल. एक-दीडच्या पुढे गेला की कुठेतरी गंज आहे.

तारेच्या बल्बाचं एक असतं, व्होल्टेज थोडं पडलं की उजेड खूप पडतो. १० टक्के व्होल्टेज कमी झालं तर उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो.

सरळरेघ

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. रिव्हर्सचा उजेड पांढराच हवा आणि रिव्हर्स गिअर असतानाच लागला पाहिजे. निळसर, झगमगणारे, गिअर नसतानाही बटणावर लागणारे दिवे म्हणजे स्वतःहून अडचणीत जाणं.

चौथागिअर

सरळरेघ, रिव्हर्सचा बल्ब बदलला म्हणून अडवलेला एक माणूस दाखवा. मला तरी माहीत नाही.

सरळरेघ

मलाही माहीत नाही. पण धागाकर्त्याने नियम विचारला, म्हणून नियम सांगितला. अडवतात का आणि चालतं का हे दोन वेगळे प्रश्न आहेत. उद्या मागून येणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड पडून अपघात झाला तर दुसरा प्रश्न पुढे येतो.

इसारकाठ

म्युनिकहून. इकडे नवी गाडी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी तपासणीला न्यावी लागते, आणि तपासणारा प्रत्येक दिवा बघतो. हेडलाइटसाठी एलईडी बल्बांना २०२० पासून परवानगी मिळायला लागली, पण तीसुद्धा ठरावीक बल्ब ठरावीक गाडीत, यादी बघून. सोबत कागद ठेवायचा. काकांनी वाटीबद्दल जे लिहिलंय तेच कारण: त्या वाटीत तो बल्ब घालून उजेड कसा पडतो हे मोजल्याशिवाय परवानगी नाही. दुकानात रिव्हर्ससाठी एलईडी सर्रास मिळतात, खोक्यावर बारीक अक्षरात "सार्वजनिक रस्त्यावर वापरासाठी नाही" असं छापलेलं असतं.

माझ्या गाडीला तर रिव्हर्सचा दिवा एकाच बाजूला आहे, दुसऱ्या बाजूला धुक्याचा लाल. सुरुवातीला वाटलं एक बल्ब गेलाय, म्हणून गॅरेजला घेऊन गेलो होतो. मेकॅनिकने अगदी प्रेमाने समजावलं.

बकुळफुलं

अय्या, आमच्या गाडीलाही एकच आहे! मी दोन वर्षं नवऱ्याच्या मागे लागले होते, "तो बल्ब बदल, तो बल्ब बदल". आता त्याला हा धागा दाखवत नाही.

घाटवाट

उजेडाचं राहू दे, रिव्हर्स घेताना वाजणाऱ्या गाण्यांचा धागा कोणीतरी काढा. आमच्या सोसायटीत रात्री साडेअकराला एक गाडी आरती वाजवत मागे येते. लहान मुलं झोपेतून उठून टाळ्या वाजवतात.

बकुळफुलं

आमच्याकडे वाढदिवसाचं गाणं. रोज वाढदिवस.

पर्णिका

मला थोडं गंभीर लिहायचंय, क्षमा असावी.

चार वर्षांपूर्वी आमच्या वाड्याच्या अंगणात माझे दीर गाडी मागे घेत होते. माझा मुलगा तेव्हा अडीच वर्षांचा. तो बंपरच्या अगदी जवळ, खाली बसून खडे वेचत होता. दिवे लागलेले होते, उजेड भरपूर होता. पण आरशातून आणि मागच्या काचेतून तेवढ्या खालचं दिसतच नाही. शेजारच्या आजींनी बोनेटवर हात आपटला म्हणून गाडी थांबली. मध्ये दोन हातांचंही अंतर नव्हतं. आजही गाडी मागे घेताना माझी पाठ थंड पडते.

तिठा, तुमची आई गाडीच्या बरोबर मागे उलटी चालते हे वाचून राहवलं नाही. त्यांना तसं चालू देऊ नका. ओल्या चिऱ्यावरून एकदा पाय घसरला तर बाबांना कळणारही नाही. त्यांनी बाजूला उभं राहावं, बाबांना आरशात दिसतील अशा जागी, आणि दिसेनाशा झाल्या की बाबांनी थांबायचं, एवढं घरात ठरवून टाका. बल्ब कुठलाही घाला.

तिठा

पर्णिका ताई, तुमची पोस्ट आईला मोठ्याने वाचून दाखवली. काही बोलली नाही, पण रात्री बाबांना म्हणाली, "मी आता फणसाखाली उभी राहणार."

कॅमेरावेडा

पर्णिका यांना पूर्ण अनुमोदन. म्हणूनच १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. जुन्या गाडीला बाहेरून बसवून मिळतात. बंपरला चार भोकं आणि सेन्सरची वायर रिव्हर्सच्या दिव्यातून घ्यायची.

पण इथेच एक गंमत होते. कॅमेरा आणि सेन्सर दोन्ही रिव्हर्सच्या दिव्यातूनच वीज घेतात. त्याच वायरवर स्वस्तातला एलईडी असेल तर त्याच्या आतल्या सर्किटची खरखर कॅमेऱ्याच्या चित्रात येते, आडव्या रेघा सरकताना दिसतात. माझ्याकडे एफएमवरही खरखर यायची, रिव्हर्स काढला की बंद. बल्ब बदलला, गेली.

बाकी कॅमेऱ्याला उजेड हवाच. कमी उजेडात चित्र दाणेदार होतं. फार प्रखर केलात तर जवळची भिंत पांढरीफटक दिसते आणि तिच्या पुढ्यातला दगड दिसत नाही.

चौथागिअर

एवढं कशाला? बंपरखाली २७ वॅटचा एलईडी फ्लड लॅम्प लावा, रिव्हर्सच्या वायरला जोडा. दिवसासारखा उजेड.

वायरिंगवाले काका

चौथागिअर, असं सुचवू नका हो. रिव्हर्सचा स्विच गिअरबॉक्सवर असतो आणि तो दोन बल्बांच्या करंटपुरताच केलेला असतो. त्याच वायरवर वरून लोड चढवत गेलात की आतले पॉइंट जळतात. मग रिव्हर्सचा दिवाच लागत नाही, आणि स्विच बदलायला गाडी वर घ्यावी लागते. जादा दिवा लावायचाच तर रिले हवा, म्हणजे थोड्या करंटवर चालणारा वेगळा स्विच: त्याच्या ३० नंबरच्या पिनवर बॅटरीची फ्यूज लावलेली वायर, ८७ दिव्याला, ८५-८६वर रिव्हर्सची वायर आणि अर्थ. पण रस्त्यावरच्या माणसाच्या डोळ्यांवर तो दिवा थेट येतो, आणि सरळरेघ यांनी सांगितलेला नियम आहेच. मी गिऱ्हाइकाला सांगतो, तेवढा दिवा घराच्या पडवीला लावा.

जांभाचिरा

पडवीचा दिवा ही गोष्ट मला फार पटली. आम्ही राजापूरला हेच केलं, वाटेच्या तोंडाशी एक आणि वळणावर एक.

एलईडीबद्दल माझा अनुभव थोडा वेगळा आहे, तोही जांभ्यामुळे. साडेसहा हजार केल्व्हिनचे (हा आकडा जितका मोठा, उजेड तितका निळसर) पांढरे बल्ब टाकले. शहरात सिमेंटच्या रस्त्यावर झकास. पण गावी आलो की वाटेचा कड दिसेना. जांभा लाल, माती लाल, आणि त्या निळसर पांढऱ्या उजेडात लाल रंग फारच कमी असतो. त्यामुळे चिरा, माती, ओला पालापाचोळा सगळं एकाच करड्या रंगाचं होतं. जुन्या पिवळट बल्बमध्ये लाल भरपूर, त्यात गडगा उठून दिसायचा. (तुमच्या बाबांना ब्रेकच्या लाल उजेडात दिसतं ते उगाच नाही!) मग चार हजारच्या आसपासचे बल्ब शोधले. सहज मिळत नाहीत, पण मिळाले.

मूळ कारण चिपमध्ये आहे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्यावर पिवळा लेप देऊन पांढरा केलेला. त्या निळ्या एलईडीसाठी २०१४ साली आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. लेप जितका पातळ, उजेड तितका निळसर आणि लाल तितका कमी.

घाटवाट

व्वा! माझ्या "पिवळे परत बसवले आणि जीव भांड्यात पडला"ला नोबेलचा आधार मिळाला.

आणखी एक. मागच्या काचेची फिल्म तपासा. नियमाप्रमाणे मागच्या काचेतून ७० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. मी जुनी गाडी घेतली तेव्हा तिला गडद फिल्म होती. ती खरवडून काढली आणि निम्मा प्रश्न तिथेच मिटला.

तिठा

मंडळी, आज रविवार, काम करून टाकलं. सगळं लिहितो, कोणाला तरी उपयोग होईल.

दोन्ही टेल लॅम्प उतरवले. डिकी उघडली की दोन बोल्ट, १० नंबरचा पाना, मग दिवा सरळ मागे ओढायचा. उजव्या दिव्याच्या हवेच्या भोकात कुंभारीण माशीचं घर निघालं, मातीचं, अख्खं. आत दमट हवा कोंडून काच आतून धुरकटलेली होती.

आणि काका, तुमच्या पाया पडतो. भाऊ क्लच धरून बसला, मी मीटर लावला. बॅटरीवर १३.८. उजव्या बल्बवर १३.१. डाव्या बल्बवर ११.४! डावी बाजू म्हणजे नेमकी पऱ्याची बाजू. होल्डरचे पत्रे हिरवट झाले होते आणि डिकीच्या आतला अर्थचा बोल्ट लाल गंजलेला. बोल्ट काढला, पॉलिश पेपरने बूड चकचकीत केलं, होल्डरचे पत्रे घासले, थोडं ग्रीस लावलं. परत मोजलं: १३.२. काकांच्या हिशोबाने डावा बल्ब इतके दिवस जवळपास ४० टक्के कमी उजेड देत होता. दिव्याची काच आतून-बाहेरून धुऊन वाळवली, गॅस्केट नीट बसवलं.

संध्याकाळी अंधार पडल्यावर जुन्याच बल्बांवर गाडी उलटी घेऊन बघितली. पऱ्याचा कड दिसला. गेल्या दोन-तीन पावसाळ्यांत पहिल्यांदा.

वायरिंगवाले काका

शाब्बास. बोल्टवर वरूनही ग्रीसचा हात द्या, पुढच्या पावसाळ्यात परत बघा. एलईडीचा विचार सोडला की आहे?

तिठा

नाही सोडला. जुन्या बल्बांनी कड दिसतो, पण वळणापलीकडचं अजून अंधुक आहे. ३५० वाली जोडी घेतली नाही. चारही बाजूंना चिपा असलेली, चार हजार केल्व्हिनच्या जवळची जोडी मागवली आहे. ती आली की आधी फक्त उजवीकडे एक टाकणार, डावीकडे जुना ठेवणार, म्हणजे शेजारीशेजारी फरक कळेल.

कॅमेरावेडा

बसवल्यावर पेटला नाही तर खराब समजून परत करू नका. काढून उलटा फिरवून घाला. एलईडीला अधिक-उणे बघावं लागतं, जुन्या बल्बाला लागत नाही.

बकुळफुलं

आणि डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची खूण आली तर? आमच्या गाडीत आली होती, भावाने सांगितलं करंट कमी लागतो म्हणून गाडीला वाटतं बल्बच नाही.

वायरिंगवाले काका

बरोबर सांगितलं भावाने. बल्बवर लक्ष ठेवणाऱ्या गाड्यांत तसं होतं. काही वेळा गाडी तपासणीसाठी बारीक करंट सोडत राहते आणि एलईडी बंद असतानाही मंद लुकलुकतो. करंट जुन्या बल्बएवढा दिसावा म्हणून २१ वॅटच्या बल्बाच्या जागी एलईडीसोबत साधारण ६ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर लावतात, पण तो चांगलाच तापतो. प्लास्टिकला किंवा वायरच्या जुडीला चिकटवू नका, पत्र्यावर बसवा. तिठांच्या गाडीत हा प्रश्न बहुधा येणार नाही.

तिठा

शेवटचं अपडेट, गौरी-विसर्जनानंतर लिहितोय.

एलईडीची चाचणी केली. पहिल्यांदा पेटलाच नाही, कॅमेरावेडा यांच्या सांगण्याप्रमाणे फिरवून घातला, लागला. मीटरवर ०.४२ अँपिअर. उजेड जुन्यापेक्षा नक्की जास्त, दुप्पट वगैरे नाही. पसरतो बरा, मध्ये गोल पडत नाही. गडग्याचे चिरे सुटे सुटे दिसतात. मग डावीकडेही तोच टाकला. जुने बल्ब कागदात गुंडाळून डिकीत ठेवलेत. जांभाचिरा यांच्यासारखा वळणावर, सुपारीच्या बाजूला, एक दिवा लावला, त्याचं बटण पडवीत.

आरतीला पाहुणे आणायला बाबा तीनदा देवरुखला जाऊन आले, तिन्ही वेळा रात्री. शेवटच्या फेरीला पाऊस होता. मी अंगणात उभा होतो, आई फणसाखाली. गाडी वळणावरून मागे आली आणि पायरीपाशी थांबेपर्यंत ब्रेकचे लाल दिवे एकदाही लागले नाहीत.